आकाश वेगळं, छत्री वेगळी : फोटोतलं सिलेक्शन जोडायचं, वजा करायचं आणि उलटवायचं कसं?

जुन्या वास्तूचा फोटो काढला की एक तक्रार हमखास ऐकू येते. आकाश पांढरंफटक पडतं आणि दगड काळाकुट्ट दिसतो. आकाश थोडं गडद करावं म्हटलं तर दगड आणखी काळवंडतो, दगड उजळावा म्हटलं तर आकाश पार उडून जातं. उपाय एकच. दोन्ही भाग वेगळे धरायचे आणि प्रत्येकावर स्वतंत्र काम करायचं. त्यासाठी फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्शन आणि मास्क असतात. बहुतेकांना सिलेक्शन करता येतं. अडतं ते दोन सिलेक्शन एकमेकांत जोडताना, एकातून दुसरं वजा करताना आणि ते उलटवताना.

सीमाभागात लग्नाच्या अल्बमपासून फ्लेक्सपर्यंत आणि श्रद्धांजलीच्या फलकापासून गावातल्या जुन्या वाड्याच्या नोंदीपर्यंत हे काम रोज चालतं. उदाहरणासाठी मात्र इथे इंदूरची छत्रीबाग घेतली आहे. होळकर घराण्यातल्या व्यक्तींच्या दगडी छत्र्या तिथे आहेत. कोरीव दगड, टोकदार कळस, मागे झाडं आणि वर मोकळं आकाश, अशा वास्तूचा फोटो म्हणजे सिलेक्शनची खरी परीक्षा. जे इथे जमलं ते आपल्याकडच्या कुठल्याही समाधीला, देवळाला किंवा बुरुजाला जमेल.

सिलेक्शन म्हणजे रेष नव्हे

सिलेक्शन केलं की त्याच्या कडेने मुंग्यांच्या रांगेसारखी हलती तुटक रेष दिसते. त्यामुळे रेषेच्या आतलं सगळं आपलं आणि बाहेरचं परकं, असा समज होतो. सगळी गडबड इथूनच सुरू होते.

सॉफ्टवेअरच्या लेखी सिलेक्शन ही रेष नसून एक काळं-पांढरं चित्र आहे. मूळ फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला त्यात एक आकडा असतो. नेहमीच्या आठ बिटच्या फाईलमध्ये हा आकडा ० ते २५५ असतो. २५५ म्हणजे पांढरा, तो पिक्सेल पूर्ण धरलेला. ० म्हणजे काळा, तो अजिबात धरलेला नाही. मधल्या करड्या छटा म्हणजे अर्धवट धरलेले पिक्सेल. कळसाच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये थोडा दगड आणि थोडं आकाश असतं, म्हणून तिथला आकडा मधला येतो.

हलती रेष फक्त निम्म्याहून जास्त धरलेल्या भागाची हद्द दाखवते. त्यापेक्षा कमी धरलेले पिक्सेल रेषेबाहेर राहतात, पण काम त्यांच्यावरही होतं. एखादं सिलेक्शन सगळीकडेच निम्म्यापेक्षा फिकं असेल तर रेष दिसतच नाही. फोटोशॉप तशी सूचना देतं आणि शिकाऊ माणसाला वाटतं की सिलेक्शन झालंच नाही. ते झालेलं असतं.

मास्क म्हणजे हेच काळं-पांढरं चित्र लेयरला कायमचं जोडलेलं. सिलेक्शन तात्पुरतं असतं, मास्क फाईलमध्ये टिकतो. म्हणून या लेखात एकाला लागू असलेलं गणित दुसऱ्यालाही लागू आहे.

रांगोळीचा छापा ज्यांनी वापरला आहे त्यांना हे लवकर समजेल. भोक आहे तिथे रांगोळी पडते, पत्रा आहे तिथे पडत नाही. मास्कमध्ये फरक इतकाच की भोक अर्धवट उघडंही असू शकतं.

चार क्रिया, चार हिशेब

बेरीज : दोन सिलेक्शन एकत्र धरणं. काही ठिकाणी सरळ आकडे मिळवतात आणि २५५ च्या वर गेलं की तिथेच थांबतात. २०० आणि १०० मिळून ३०० नाही, २५५ होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये दोहोंपैकी मोठा आकडा ठेवतात, म्हणजे उत्तर २०० येतं. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या भागात दोन्ही रीतींचं उत्तर सारखंच. फरक पडतो तो मऊ कडेवर.

वजाबाकी : पहिल्यातून दुसरं काढणं. उत्तर शून्याच्या खाली जात नाही. इथे क्रम महत्त्वाचा. आकाशातून छत्री वजा करणं आणि छत्रीतून आकाश वजा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छेद : दोन्हींत सामाईक असलेला भागच ठेवणं. काही ठिकाणी लहान आकडा ठेवतात, काही ठिकाणी गुणाकार करतात. २०० आणि १०० चा छेद पहिल्या रीतीने १००, दुसऱ्या रीतीने साधारण ७८.

उलटवणं : प्रत्येक आकडा २५५ मधून वजा. २०० चे ५५ होतात, ० चे २५५. दोनदा उलटवलं की मूळ आकडा परत येतो.

बेरजेचं तसं नाही. २०० मध्ये १०० मिळवले, उत्तर २५५ आलं. आता तेच १०० वजा केले तर १५५ उरतात, २०० नाही. मऊ कडा असलेलं सिलेक्शन जोडून पुन्हा काढलं की कड पहिल्यासारखी राहत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून जोडाजोड सुरू करण्याआधी प्रत्येक सिलेक्शन नाव देऊन वेगळ्या चॅनलमध्ये सेव्ह करावं.

कुठली बटणं?

फोटोशॉपमध्ये सिलेक्शनचं टूल हातात असताना शिफ्ट दाबून धरलं की बेरीज, ऑल्ट दाबलं की वजाबाकी आणि दोन्ही एकदम दाबली की छेद. आधीचा मास्क सिलेक्शन म्हणून आणायचा तर कंट्रोल दाबून त्याच्या छोट्या चित्रावर क्लिक करायचं. तिथेही कंट्रोलच्या जोडीला शिफ्ट म्हणजे बेरीज, ऑल्ट म्हणजे वजाबाकी, तिन्ही मिळून छेद.

गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. तिथे बेरजेला शिफ्ट, वजाबाकीला कंट्रोल आणि छेदाला दोन्ही. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो.

उलटवण्याची चूक त्याहून महागात पडते. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन उलटवायला कंट्रोल, शिफ्ट आणि आय. शिफ्ट विसरलं तर सिलेक्शन उलटत नाही, फोटोचे रंगच उलटतात आणि निगेटिव्ह दिसायला लागते. मात्र लेयरचा मास्क निवडलेला असेल तर कंट्रोल आणि आय हीच जोडी मास्क उलटवते. गिम्पमध्ये सिलेक्शन उलटवायला कंट्रोल आणि आय एवढंच पुरतं.

लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२१ च्या सुधारणेपासून मास्कला दुसरा मास्क जोडणं, वजा करणं आणि छेद घेणं सोपं झालं. मोबाईलवरच्या अनेक ॲपमध्येही ब्रशजवळ इनव्हर्टचं बटण सापडतं. बटणं बदलतात, हिशेब तोच राहतो.

छत्रीबागेचा एक फोटो धरू

समजा छत्रीचा फोटो आहे. वर फिकट आकाश, मध्ये दगडी कळस आणि खांब, खांबांच्या फटींतून दिसणारं आकाश, मागे झाडं, पुढे चार माणसं. दगडाला न शिवता आकाश किंचित गडद करायचं आहे.

पायरी १. रंगावरून सिलेक्शन करणाऱ्या टूलने आकाश निवडा. ऊन पडलेला फिकट दगडही त्यात थोडा धरला जाईल. काळजी नको. ‘आकाश’ नावाने सेव्ह करा.

पायरी २. पेन टूलने किंवा लॅसोने छत्रीची बाहेरची कड नीट काढा. ‘छत्री’ नावाने सेव्ह करा.

पायरी ३. ‘आकाश’ मधून ‘छत्री’ वजा करा. चुकून धरलेला फिकट दगड निघून गेला. पण खांबांच्या फटींतलं आकाशही त्याबरोबर गेलं, कारण ते छत्रीच्या बाहेरच्या कडेच्या आत होतं. पुष्कळ जण इथेच थांबतात. मग वर निळं आकाश आणि फटींत पांढरे तुकडे असा फोटो छापून येतो.

पायरी ४. फटींभोवती लॅसोने ढोबळ घेर काढा. खांबांचा थोडा सावलीतला भाग आत आला तरी चालेल. या घेराचा ‘आकाश’ शी छेद घ्या. घेरातलं फक्त आकाश उरलं. त्याला ‘फटी’ म्हणा.

पायरी ५. पायरी ३ च्या उत्तरात ‘फटी’ मिळवा. हे खरं आकाश. आता त्यावर काम करा.

पायरी ६. दगडावर काम करायचं असेल तर ‘छत्री’ मधून ‘फटी’ वजा करा. आकाश उलटवू नका.

शेवटचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. आकाश उलटवलं की छत्री मिळेल असं वाटतं. पण उलट म्हणजे समोरची वस्तू नव्हे. उलट म्हणजे उरलेलं सगळं. त्यात छत्री आली, झाडं आली, माणसं आली, विजेच्या तारा आल्या आणि पायाखालची जमीनही आली. फोटोत दोनच गोष्टी असतील तरच उलटवल्यावर दुसरी हाती लागते. छत्रीबागेत काय किंवा लग्नाच्या मांडवात काय, फोटोत दोनच गोष्टी क्वचित असतात.

मदुराईत जन्मलेल्या गणितज्ञाचा नियम

दोन सिलेक्शन एकदम उलटवायची वेळ आली की आणखी एक घोटाळा होतो. आकाश नको आणि माणसंही नकोत, बाकी सगळं हवं. घाईत काय केलं जातं? आकाश उलटवतात, माणसं उलटवतात आणि दोन्ही जोडतात. पाहतात तर अख्खा फोटो सिलेक्ट झालेला. कारण आकाशाच्या उलट्यात माणसं आहेत आणि माणसांच्या उलट्यात आकाश आहे. दोन्ही मिळून काहीच वगळलं जात नाही.

बरोबर रीत अशी : आधी आकाश आणि माणसं जोडा, मग उलटवा. किंवा दोन्ही वेगवेगळी उलटवा आणि छेद घ्या. उत्तर एकच येतं. उलटवताना बेरजेचा छेद होतो आणि छेदाची बेरीज होते. तर्कशास्त्रात हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचं गणिताचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध झालं, त्यामागेही डी मॉर्गन यांचाच पुढाकार होता.

कडेवर पांढरी रेघ का उमटते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. छत्री एका लेयरवर कापली. सिलेक्शन उलटवून उरलेला फोटो दुसऱ्या लेयरवर कापला. दोन्ही एकावर एक ठेवले. काहीच हललं नाही, तरी कडेने बारीक फिकट रेघ दिसते. कापताना चूक झाली असं वाटून माणूस पुन्हा कापत बसतो.

चूक कापण्यात नसते, हिशेबात असते. कडेवरचा पिक्सेल निम्मा धरलेला आहे. उलटवल्यावरही तो निम्माच. खालच्या लेयरने मागची पार्श्वभूमी निम्मी झाकली, निम्मी उघडी राहिली. वरच्या लेयरने त्या उरलेल्या निम्म्याचा निम्मा झाकला. एकूण झाकलं गेलं ते ७५ टक्के. बाकी २५ टक्क्यांतून मागचा पांढरा कागद डोकावतो.

उपाय सोपा आहे. खालचा लेयर कापायचाच नाही. तो अखंड ठेवायचा आणि वरच्या लेयरलाच मास्क लावायचा. फक्त उजेड किंवा रंग बदलायचा असेल तर ॲडजस्टमेंट लेयर घ्या. एकाला मास्क आणि दुसऱ्याला त्याचाच उलटा मास्क लावला तरी रेघ उमटत नाही, कारण खाली मूळ फोटो शाबूत असतो.

याच निम्म्या पिक्सेलचा एक फायदाही आहे. मास्कचा आणि त्याच्याच उलट्याचा छेद घेतला तर काहीच उरू नये असं वाटतं. प्रत्यक्षात कडेची एक बारीक पट्टी उरते, निम्म्यापेक्षा कमी धरलेली. हलती रेष दिसणार नाही, पण पट्टी असते. कळसाच्या कडेला आलेली निळसर झाक घालवायला किंवा माणसाच्या केसांभोवतीचा उजळ पट्टा दाबायला ती नेमकी उपयोगी पडते.

कड मऊ करण्यासाठी फेदर वापरतात. ते शेवटी आणि एकदाच द्यावं. आधी कडक कडांची जोडाजोड पुरी करा, मग फेदर. प्रत्येक तुकड्याला वेगळं फेदर देऊन जोडलं की सांध्यावर करडे डाग पडतात.

काचेच्या निगेटिव्हवरचा मास्क

हे सगळं कॉम्प्युटरमुळे आलं असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्हला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. इमारत नीट यावी एवढा वेळ दिला की आकाश कोरं पांढरं व्हायचं. मग काही फोटोग्राफर दोन निगेटिव्ह घ्यायचे, एक जमिनीची आणि एक ढगांची. पहिली कागदावर उतरवताना आकाशाचा भाग झाकायचे आणि दुसरी उतरवताना जमिनीचा. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो याच रीतीने केले. झाकण आणि त्याचं उलटं झाकण, म्हणजेच मास्क आणि उलटा मास्क. सांधा क्षितिजावर पडायचा आणि तो लपवणं हेच खरं कौशल्य होतं.

इंदूरचं नाव फोटोग्राफीच्या इतिहासात याच काळात येतं. रुरकीला शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातल्या स्मारकांवरच्या १८८६ च्या ग्रंथात त्यांचेच फोटो आहेत. पुढे ते राजा दीनदयाळ म्हणून देशभर गाजले.

नंतर ऑफसेट छपाईत लाल फिल्म ब्लेडने कापून मास्क बनवू लागले. फोटोशॉपच्या क्विक मास्कमध्ये न धरलेला भाग आजही लाल दिसतो, तो त्या फिल्मच्या आठवणीनेच. मऊ कडा असलेली चित्रं एकमेकांवर ठेवण्याचं पक्कं गणित लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडलं. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं.

मास्क चुकला तर जातं काय?

लग्नाच्या फोटोत मास्क चुकला तर नवरीच्या केसांची बट कापली जाते. आईचा एकटीचा फोटो नसतो म्हणून घरच्या ग्रुप फोटोतून तिला कापून श्रद्धांजलीचा फलक बनवतात, तेव्हा खांद्यावर दुसऱ्याचा हात राहून जातो किंवा पदराचा काठ नाहीसा होतो. घरच्यांना ते लगेच दिसतं.

वास्तूच्या फोटोत चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. आकाशातले ठिपके घालवायचा फिल्टर मास्क उलटा असताना चालवला, तर तो दगडावर चालतो. मग सांध्यातली भेग पुसट होते, कोरीव काम गुळगुळीत होतं, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं डाग समजून पुसलं जातं. फोटो सुंदर दिसतो. पण तोच फोटो पुरातत्त्व खात्याकडच्या अर्जाला जोडला किंवा बातमीबरोबर छापला, तर वास्तू ठणठणीत आहे असा त्याचा अर्थ होतो. पाच वर्षांनी पडझड किती वाढली हे ताडून पाहायला गेलं की जुना फोटो खोटी साक्ष देतो.

म्हणून नोंदीच्या फोटोला एक साधी शिस्त पाळावी. उजेड आणि रंग सुधारायला हरकत नाही. वस्तू पुसायची नाही आणि नवी आणायची नाही. तारा फोटोत आल्या तर येऊ द्याव्यात, नाहीतर उभं राहण्याची जागा बदलून पुन्हा फोटो काढावा.

फोटो देण्यापूर्वी तपासा

१. मास्क डोळ्यांनी पाहा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की तो काळा-पांढरा दिसतो. पांढऱ्या भागात काळे ठिपके किंवा काळ्यात पांढरे ठिपके राहिलेत का बघा.

२. मास्क सरळ आहे की उलटा, याची खात्री करा. त्या लेयरचा परिणाम मुद्दाम खूप वाढवून पाहावा. आकाशाऐवजी दगड काळा झाला तर मास्क उलटा आहे.

३. फोटो शंभर टक्के मोठा करून कळस, तारा आणि पानांच्या कडा तपासा.

४. मास्क टिकवणाऱ्या फाईलमध्ये काम ठेवा. पीएसडी, टिफ किंवा गिम्पची एक्ससीएफ चालते. जेपेगमध्ये मास्क टिकत नाही, ती फक्त पाठवण्यासाठी.

५. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये, नाव न बदलता ठेवा.

६. फोटोखाली ठिकाण नीट लिहा. इंदुरात छत्रीबाग वेगळी आणि राजवाड्याजवळच्या कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या वेगळ्या. सुभेदार मल्हारराव होळकरांचं निधन १७६६ मध्ये आलमपूरला झालं आणि त्यांची छत्री तिथे, आजच्या भिंड जिल्ह्यात आहे. अहिल्याबाईंची महेश्वरला. सॉफ्टवेअर आकाश आणि दगड वेगळे करून देतं, पण कुठली छत्री कुठली हे फोटो काढणाऱ्यानेच लिहून ठेवावं लागतं.